पाकोळी हे नाव कुणाचं

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा दगा देऊन गेला, आणि त्यात विद्यापीठाच्या संघांचं नावही वाळून गेलं.

नांदेडच्या विद्यापीठाचे खेळाडू बरीच वर्षं 'गोदालाट' म्हणून मैदानात उतरायचे. निळी जर्सी, छातीवर पांढऱ्या लाटा. नांदेडकरांना त्याचा अभिमान होता. त्याच विद्यापीठातले लातूरकर कुरकुरत का होईना, तीच जर्सी घालायचे. पण ऑक्टोबरात खो-खोच्या मुली ऊसपट्ट्यातल्या एका गावी खेळायला गेल्या, आणि नाणेफेक व्हायच्या आधीच गर्दीतून आरोळी आली, "लाट आली रे लाट! बादल्या काढा!"

सगळं मैदान हसलं. कप्तान रुद्राणीचे कान तापले. ती लातूरची, वडिलांचं गंजगोलाईच्या बाजारात किराणा दुकान. घरच्या नळाला पंधरा दिवसांतून एकदा पाणी यायचं. मुली तो सामना हरल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या एका पेपरानं 'बादल्या काढा' हाच मथळा छापला. मग काय, विद्यापीठानं नाव बदलायचं ठरवलं आणि समिती नेमली. क्रीडा संचालक रामकिशन सर अध्यक्ष, नांदेडचे भुजंग सर, उदगीरचे चन्नबसप्पा सर, आणि खेळाडूंच्या वतीनं रुद्राणी. डिसेंबरात राज्यातल्या विद्यापीठांची स्पर्धा होती. त्याआधी जर्सी शिवून यायला हव्या होत्या.

पहिली बैठक तीन तास चालली. भुजंग सरांना नावात गोदावरी हवीच होती. "नदी आटली म्हणून आई बदलता का?" असं ते दर दहा मिनिटांनी म्हणत. चन्नबसप्पा सरांचं दुखणं वेगळं. तेव्हा भिंतीभिंतीवर 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' रंगवलेलं होतं आणि आज होतो का उद्या होतो, असं चाललेलं.

"जिल्ह्याचं, नदीचं काहीच नको," ते म्हणाले. "उद्या आमचा जिल्हा झाला, जळकोट आमच्यात आलं, तर आमच्या पोरांनी काय दुसऱ्याच्या नदीचं नाव मिरवायचं?"

वाघ म्हटलं की एका पक्षाचं नाव निघे, हत्ती म्हटलं की दुसऱ्याचं. रंगांवरून तर बोलायचीही सोय नव्हती. चहाचे तीन फेरे झाले. शेवटी रामकिशन सर वैतागून म्हणाले, "कप्तान, तुम्ही खेळता. तोंड शिवून काय बसलीस? पोरींच्या तोंडातलं एखादं नाव सांग की."

"पाकोळी," रुद्राणी म्हणाली.

कसं सुटलं तोंडातून, तिचं तिलाच कळलं नाही. खोलीत पहिल्यांदाच कुणी लगेच नाक मुरडलं नाही. मग भुजंग सरांनी हळूच विचारलं, "पुलाखाली घरटी करते ती?"

"हाव सर. दिवसभर उडत असते. खाली कधी टेकतच न्हाई."

"पाकोळी," चन्नबसप्पा सरांनी बोलून पाहिलं. "ना जात, ना पक्ष, ना नदी. माझी हरकत न्हाई." भुजंग सरांचीही नव्हती. रामकिशन सरांनी टेबलावर थाप मारली. पक्का ठराव येत्या सोमवारी करायचं ठरलं.

परतीच्या बसमध्ये, लोहा मागं पडल्यावर, रुद्राणीला आपली चूक उमगली. कारण पाकोळी हे नाव पोरींच्या तोंडातलं होतं खरं, पण ते एकाच पोरीचं होतं.

तारामती. जळकोटजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. लातूरच्या कॉलेजात दोघी एकाच वर्गात, एकाच संघात. पाठलाग करताना ती असा काही सूर मारायची की पळणारीच्या पाठीला तिची बोटं लागेपर्यंत तिचं अंग जमिनीला लागायचं नाही. एकदा रुद्राणीच ओरडली होती, "ही पोरगी हाय का पाकोळी!" आणि तेच नाव पडलं. मैदानापुरतं, त्या नऊ-दहा जणींपुरतं.

मागच्या उन्हाळ्यात वसतिगृहाचं पाणी संपलं. मुलींना दोन दिवसांत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. परीक्षा व्हायच्या होत्या. तारामती पिशवी घेऊन दुकानापाशी आली आणि म्हणाली, "महिनाभर तुझ्याकडं ठेवून घेतीस का? गावाकडं गेले तर परत येऊ देणार न्हाईत. स्थळ बघून राहिलेत."

रुद्राणी म्हणाली होती, "घरी विचारून सांगते."

त्या रात्री ती आईजवळ गेली. आई पिंपातलं पाणी वाटीनं काढत होती. रुद्राणीच्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी विचारू म्हणाली, मग तिसऱ्या. चौथ्या दिवशी तारामती गावी गेली. तीन आठवड्यांनी तिचं लग्न झाल्याचं दुसऱ्याच कुणाकडून कळलं. सासर औशाचं. फोन लागायचा बंद झाला. खरं तर रुद्राणीनं तो दोनदाच लावून पाहिला होता.

ठराव व्हायचा होता, पण बातमी कुणी थांबवली नाही. गुरुवारी स्थानिक पेपरात चार ओळी आल्याच: 'विद्यापीठाचे संघ आता पाकोळी'. दुकानात वडिलांनी ती गिऱ्हाइकांना वाचून दाखवली. "आमच्या पोरीनं सुचवलं," ते सांगायचे, आणि दर वेळी रुद्राणी मान फिरवायची. औशात पेपर जातोच की. तारामतीनं वाचलं असेल. नवऱ्यानं, सासूनं वाचलं असेल. कुणी विचारलं असेल, हे तर तुझंच नाव ना? सुनेला मैदानावर काहीबाही नावानं हाक मारायचे, हे सासरी खपेल? त्यावरून घरात काही झालं तर?

दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. सरावात तिनं दोनदा चुकीच्या बाजूला खो दिला. रविवारी सकाळी, आईला सरावाला जाते सांगून, ती औशाच्या बसमध्ये बसली.

पत्ता नव्हता. तारामतीचा नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी आहे एवढंच ऐकलेलं. मोंढ्यात दोन ठिकाणी विचारल्यावर एकानं किल्ल्यामागच्या गल्लीत पाठवलं. दारात एक साठीची बाई सुपात ज्वारी पाखडत बसली होती. ही सासू, केवळाबाई.

"मी तारामतीची मैत्रीण. लातूरहून आले, मावशी."

"या की. तारे, कोण आलंय बघ!"

तारामती बाहेर आली. अंगानं वाळली होती. रुद्राणीकडं बघून ती हसली नाही, रागावलीही नाही. आत जाऊन तिनं पेल्यात पाणी आणलं. पेला अर्धाच होता. रुद्राणीला ते पिववेना आणि ठेववेना.

"एकटीशी जरा बोलायचं होतं," ती चाचरत म्हणाली.

"बोला की," केवळाबाई सूप न थांबवता म्हणाली. "मला म्हातारीला काय कळतंय त्यातलं."

ती उठणार नव्हती हे उघड होतं. रुद्राणीनं तळहात पुसले आणि होतं ते सगळं सांगून टाकलं. लाट, बादल्या, समिती, पेपरातली बातमी, आणि पाकोळी हे मैदानावर तारामतीचं नाव होतं हेही. आता सूप थांबलं.

"म्हंजी," केवळाबाई म्हणाली, "आमच्या सुनंचं नाव? त्या सगळ्या पोरापोरींच्या अंगावर?"

"हाव मावशी. पण तुमची हरकत असंल तर..."

"हरकत कशाची? अगं बाई! तारे, तू इतकी चांगली खेळायचीस? बोललीस न्हाईस कधी!" म्हातारीचा चेहरा फुलून आला. "पेपरात आलंय म्हणतीस? शेजारी दाखवते की. कुठाय पेपर?"

रुद्राणीला त्या आठवड्यात पहिल्यांदा मोकळं वाटलं. ती हसून तारामतीकडं वळली, आणि तिचं हसू तिथंच थांबलं. तारामती खाली बघत होती.

"बोअरवर नंबर लावलाय, आत्या," ती म्हणाली. "मी जाऊन येते. चल, रुद्रा."

गल्लीच्या टोकाला बोअर होता. पंधरा-वीस घागरी ओळीनं ठेवलेल्या, माणसं लिंबाच्या सावलीत. तारामतीनं आपली घागर दोन बोटांनी पुढं सरकवली आणि लिंबाखाली टेकली.

"घरी विचारून सांगते म्हणाली होतीस," ती म्हणाली. "महिनाभर ठेवून घेणार का ते. अजून सांगितलं न्हाईस."

"मी विचारलंच न्हाई, तारा. आई न्हाई म्हणंल म्हणून विचारलंच न्हाई."

"न्हाई म्हणली असती तरी चाललं असतं. मी चार दिवस वाट बघितली. बाप रोज फोन करून ये म्हणायचा अन् मी आज सांगंल, उद्या सांगंल म्हणून थांबले."

"चुकलं माझं."

"आन् आता नाव मागायला आलीस."

"मागायला न्हाई, विचारायला..."

"पेपरात छापून झाल्यावर?"

ओळ पुढं सरकली तशी तारामती उठून घागर सरकवून आली. परत बसल्यावर तिचा आवाज जरा उतरला होता.

"आत्या वाईट न्हाईत. मालक बी न्हाईत. पण कॉलेज गेलं, मैदान गेलं. ह्या गावात मला कुणी पाकोळी म्हणत न्हाई. कधी कधी मी मनातल्या मनात म्हणते. उद्या कुठली बी पोरगी ते पाठीवर घालून पळंल, हरली की लोकं त्याच्यावर हसतील. बादल्या काढा म्हणले तसं काहीतरी काढतील. नको वाटतंय मला."

"आत्या तर लई खूश झाल्यात."

"त्यांना मी सांगंन. तू तुझ्या लोकांना सांग."

"न्हाई म्हणून?"

"न्हाई म्हणून."

सोमवारी नांदेडला जाताना रुद्राणीला वाटेत दोनदा वाटलं, अहमदपूरला उतरावं आणि ताप आला म्हणून कळवावं. बैठकीत रामकिशन सरांपुढं जर्सीचा नमुना तयार होता, काळसर रंगावर पंख पसरलेली पाकोळी. सुंदर होता.

"सर, ते नाव घेता येत न्हाई," ती म्हणाली.

"का?"

"ते एका मुलीचं नाव हाय. आमच्यात खेळायची. मी तिला न विचारता सांगितलं. काल विचारलं, ती न्हाई म्हणते."

भुजंग सर हसले. "अगं, पाखराचं नाव आहे ते. पाखराला विचारायचं का मग?"

रामकिशन सर हसले नाहीत. "बातमी आलीय. कुलगुरूंना सांगून झालंय. शिंपी थांबलाय. आणि हे तू आज सांगतेस? कप्तानपद म्हणजे काय खेळ वाटला तुला?"

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "कप्तानपद काढून घ्या सर. पण त्या नावाची जर्सी मी घालणार न्हाई. पोरीबी घालायच्या न्हाईत." हे दुसरं वाक्य तिनं पदरचं घातलं होतं, पोरींना तिनं अजून विचारलंच नव्हतं. म्हणताना तिला ते जाणवलं आणि ती खजील होऊन म्हणाली, "म्हणजे... मी तरी घालणार न्हाई."

मग चन्नबसप्पा सरांनी चष्मा काढला. "तू स्वतः गेली होतीस तिच्याकडं?"

"हाव."

"ती स्पष्ट न्हाई म्हणाली?"

"हाव सर."

"मग संपलं की. न विचारता घेतलं असतं तर गोष्ट वेगळी. विचारल्यावर न्हाई ऐकून घ्यायचं असतं." त्यांनी रामकिशन सरांकडं बघितलं. "शिंप्याला मी सांगतो."

पुन्हा नदी आली, पुन्हा जिल्हा आला. दुपार कलली. सगळे थकले तेव्हा चन्नबसप्पा सरच म्हणाले की त्यांच्या शेतात यंदा सगळं गेलं, उभी आहे ती तेवढी करडई. तिला ना पाणी लागतं, ना ढोरं तोंड लावतात; हात लावला की काटे. नांदेडातही तीच, लातुरातही तीच.

"करडई?" रामकिशन सर म्हणाले. "संघाचं नाव करडई?"

कुणालाच ते फारसं आवडलं नाही. पण बसेस सुटायची वेळ झाली होती, आणि कुणी भांडलंही नाही. ठराव झाला. रुद्राणीचं कप्तानपद राहिलं, पण रामकिशन सर नंतर महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. दुकानात वडिलांनाही गिऱ्हाइकांना वेगळंच सांगावं लागलं, आणि ते चार दिवस घुमे होते. आईला तिनं उन्हाळ्यातली गोष्ट सांगितली. आई ऐकून घेऊन म्हणाली, "विचारायचं होतंस गं," आणि उठून आत गेली. ती हो म्हणाली असती की नाही, हे रुद्राणीला तेव्हाही विचारता आलं नाही.

डिसेंबरात मुली पिवळी-केशरी जर्सी घालून खेळल्या. लोक हसले, पण पहिल्या सामन्यापुरतेच. उपांत्य फेरीत त्या एका गुणानं हरल्या. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी रुद्राणीला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मालकांच्या फोनवरून बोलतेय," तारामती म्हणाली. "काय झालं?"

"हरलो. एका गुणानं."

"सूर कोण मारत होतं?"

"कुणीच न्हाई तसं."

तिच्या मागं केवळाबाईचा आवाज येत होता, काय म्हणते, जिंकल्या का? "हरल्या आत्या," तारामतीनं सांगितलं, आणि मग फोनमध्ये म्हणाली, "मार्चमध्ये बाहेरून परीक्षेला बसावं म्हणते. मालक हो म्हणालेत. केंद्र लातूरलाच येईल बहुतेक. दहा दिवस."

"आमच्याकडं राहा," रुद्राणी पटकन म्हणाली. मग थांबली. "थांब. आईला आत्ता फोन लावते. पाच मिनिटांत सांगते तुला. हो म्हणली तरी, न्हाई म्हणली तरी."

"बरं," तारामती म्हणाली. "जागी हाय मी."

रुद्राणीनं घरचा नंबर लावला. पलीकडं घंटा वाजत राहिली, आणि मग आईनं फोन उचलला. "आई, एक विचारायचंय," रुद्राणी म्हणाली.