चार आवाजांतलं गाणं

"शब्द सांगा, त्रिपो-सान." इसोबेने वही उघडून वाचनालयाच्या टेबलावर ठेवली. "चाल मला आली आहे. ऐका."

तो गुणगुणू लागला. मधली अवघड वळणाची जागासुद्धा त्याने अचूक घेतली. त्रिपोने घाईघाईने उठून खिडकी लावली. बंदरावर कुणी ऐकलं असतं, तर हसून लोळलं असतं.

"शनिवारी क्लबचं जेवण आहे," इसोबे म्हणाला. "मी उभा राहून म्हणणार. आठ महिने लोक माझ्यासाठी गातात. मीही एकदा त्यांच्यासाठी गायला हवं ना?"

त्रिपो कार्डांची चळत उगाचच सारखी करत राहिला. मग "उद्या या," एवढंच त्याला म्हणता आलं.

त्या वर्षीचे रविवार त्रिपोला अजून आठवतात. मैदानामागे भाजल्या जाणाऱ्या सार्डिन माशांचा वास, खाडीवरून येणारा वारा, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणालातरी आपली गरज आहे ही भावना. तरुणपणी तो मालवाहू बोटीवर कारकून होता. बोट दुरुस्तीसाठी कोबेच्या गोदीत सात महिने अडकली, तेव्हा इतर खलाशी गुत्त्यात जात आणि हा पुस्तक घेऊन जपानी शिकत बसे. तीस वर्षं त्या विद्येचा कुणाला उपयोग झाला नाही. मग मॉन्टेनेग्रोच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या गावच्या फुटबॉल क्लबने जपानी खेळाडू आणला आणि संकोची ग्रंथपाल एकदम दुभाषा झाला.

पहिल्याच सामन्यात इसोबेने गोल केला आणि गोलमागच्या पायऱ्यांवरून गाणं उठलं. गाव गाणाऱ्यांचं. चार माणसं जमली की वरपासून खालपर्यंत चार वेगळे आवाज आपोआप लागतात. चाल होती नवरी होडीतून धक्क्यावर उतरताना म्हणायची, आजीच्या आजीपासून चालत आलेली. शब्द मात्र ताजे होते:

बारीक डोळ्या, गोल दिसतो का रे?
कुत्रं शिजव, भात गीळ,
अन् आल्या बोटीनं परत जा.

इसोबेने बाकावर बसलेल्या त्रिपोकडे पाहून भुवया उंचावल्या. काय म्हणतायत?

"स्वागताचं गाणं आहे," त्रिपो ओरडून म्हणाला. चाल तरी स्वागताचीच आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

इसोबे धावत त्या पायऱ्यांपाशी गेला आणि कमरेत वाकून त्याने नमस्कार केला. वरच्या तीनशे माणसांनीही हसत हसत, वाकून त्याला नमस्कार केला. मग हे दर सामन्याला होऊ लागलं. त्रिपोला सगळ्यात जास्त बोचे ते वेगळंच. चर्चच्या गायकमंडळात तो वीस वर्षं खालचा आवाज लावत आला होता. त्या पहिल्या रविवारी बाकावर बसल्या बसल्या, मिटल्या तोंडाने, त्याचा गळा आपसूक तो खालचा सूर धरून बसला होता.

इसोबे वही घेऊन आला त्या संध्याकाळी त्रिपो मेव्हण्याकडे, लुकोकडे गेला. पायऱ्यांवर सूर द्यायचा तो लुकोच.

"लुको, शनिवारी ते गाणं नको."

"का? तक्रार केली त्यानं?"

"त्याला अर्थच ठाऊक नाही."

"मग बिघडलं कुठं, दाजी? ज्याला कळत नाही त्याला लागतही नाही."

"तो शिकायला आलाय माझ्याकडं. जेवणात उभा राहून म्हणणार म्हणतो."

लुकोला ठसकाच लागला. "मग शिकव की! देवाशपथ सांगतो, अख्खं बंदर तिकीट काढून येईल!" डोळे पुसत तो म्हणाला, "अरे, वाईट मनानं म्हणतो का आपण? आपलाच आहे तो. माझ्या बायकोनं, मारानं, मोजे विणून दिलेत त्याला."

"मोजे दिलेत ते चांगलंच. पण गाणं..."

"तू पुस्तकं फार वाचतोस, दाजी. त्यानं बिघडतं सगळं."

दुसऱ्या दिवशी इसोबे वेळेवर आला. रात्रभर जुळवलेली प्रस्तावना त्रिपोने सोडूनच दिली. तो एकेक शब्द सांगू लागला, इसोबे लिहू लागला.

"हा?" एका शब्दावर बोट ठेवून त्याने अर्थ विचारला.

"डोळा."

"आणि त्याआधीचा?"

"बारीक."

पेन्सिल थांबली. मग पुन्हा चालू झाली. कुत्रं. शिजव. गीळ. शेवटच्या ओळीला इसोबेच म्हणाला, "बोट. हा मला येतो."

इसोबेने पेन्सिल वहीवर आडवी ठेवली.

"पहिल्या दिवशी तुम्ही मला म्हणालात..."

"हो. म्हणालो."

"त्यातला खालचा आवाज मला सर्वांत आवडायचा. तुम्हीही गाता ना? तुमचा आवाज कोणता?"

"खालचा," त्रिपो म्हणाला.

इसोबेने मान हलवली. मग सगळ्या ओळी त्याने सावकाश वाचून दाखवल्या. "उच्चार बरोबर आहेत?"

"बरोबर आहेत."

वही मिटून तो गेला. क्षमा मागायच्या पाच तऱ्हा त्रिपोने कोबेत पाठ केल्या होत्या. त्यातली एकही ओठांवर आली नाही.

शनिवारी लांब टेबलं लागली होती, बायकाही आल्या होत्या. वाईनचा तिसरा घडा रिकामा झाल्यावर इसोबे उभा राहिला. टाळ्या पडल्या. लुकोने डोळा मारून सूर द्यायला हात वर केला, पण इसोबेने मानेनेच नको म्हटलं.

आणि त्याने ते शब्द म्हटले. चालीविना. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसे, एकेक शब्द सुटा करून. चाल नसल्यावर ते किती थोडे होते! पुरत्या अर्ध्या मिनिटाचेही नव्हते. मग तो खाली बसला आणि त्याने रुमाल मांडीवर पसरला.

कुणाचं तरी हसू सुरू होऊन मध्येच विझलं.

"हे म्हणता तुम्ही?" माराने नवऱ्याला हळूच विचारलं. मैदानावर बायका जात नसत. घरोघरच्या खिडक्यांत चालच तेवढी पोचे. "मला वाटायचं, आपलं लग्नातलं म्हणता."

लुको ताटातले माशाचे काटे एका कडेला लावत राहिला.

इसोबे जूनमध्ये गेला. पत्र आलं नाही, आणि त्रिपोनेही लिहिलं नाही. पंधरा मसुदे मात्र त्याने फाडले.

सप्टेंबरात लुकोच्या मुलीचं लग्न होतं. होडी धक्क्याला लागली. गायकमंडळ रांगेत उभं होतं आणि त्रिपो नेहमीसारखा शेवटी. लुकोने सूर द्यायला हात वर केला. तो हात तसाच राहिला. रांगेतल्या कुणी कुणाकडे पाहिलं नाही. त्रिपोने श्वास भरून घेतला होता, तो त्याने हळूहळू सोडला. नवरी झगा सावरत होडीत उभी, आजीच्या आजीपासूनचं ते गाणं सुरू व्हायची वाट पाहत.

शेवटी लुकोने वर केलेला तोच हात खाली आणून तिच्यापुढे धरला. तो धरून ती उतरली. होडीच्या कडेला पाणी थपथपत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.