तपकिरीवर तपकिरी

घरच्या माणसाची काच आपण तपासायची नाही, असा प्रयोगशाळेतला दंडक होता. धाकटीने तो इतकी वर्षं पाळला आणि दादाच्या वेळी नेमका मोडला.

तिचं काम पेशींना रंग देण्याचं. कातडीच्या कॅन्सरची गाठ आली की तिचा पातळ पापुद्रा काचेवर चढवायचा आणि रंग घालायचा. औषध ज्या प्रथिनावर नेम धरतं ते पेशींत असेल, तरच रंग उमटतो. दादा घरं रंगवायचा. "आपण दोघंही रंगारी, तुझ्या भिंती तेवढ्या लहान," असं तिला चिडवायचा. त्याच्या पाठीवरच्या तिळाचा कॅन्सर आता काखेत उतरला होता.

त्या काखेतल्या गाठीची काच तिने सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. सगळं तपकिरी! तिच्या जिवात जीव आला. काच बघून निकाल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंची वाट न बघता तिने दादाला फोन लावला. "सगळ्या पेशींनी रंग धरलाय. गोळ्या लागू पडणार!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवलं. "अगं, हा रंग आपला नाही. गाठीचा स्वतःचाच आहे."

तिळाच्या पेशी मुळातच तपकिरी. म्हणून अशा गाठींना लाल रंग घालायचा, हे ती नव्या मुलींना कानीकपाळी ओरडून सांगायची. आणि आशेपायी स्वतःच तपकिरीवर तपकिरी चढवून बसली होती. बाईंनी लाल रंगाची काच दाखवली. एका कोपऱ्यात पेशी लालबुंद, बाकी गाठभर टिपूससुद्धा नाही. एकाच गाठीतल्या, पण साऱ्या एका जातीच्या नव्हत्या. गोळ्यांनी तेवढा कोपरा मरेल, उरलेल्या पेशी वाढतच राहतील. तिला स्वतःचा इतका राग आला की रडूही फुटेना.

संध्याकाळी ती दादाकडे गेली, तर स्वारी शिडीवर. कित्येक महिन्यांनी हातात ब्रश होता. आत वहिनी काहीतरी गुणगुणत होती.

"बघ, पहिला हात मारून झाला," तो म्हणाला. मग तिचं तोंड बघून खाली उतरला.

तिने सगळं सांगितलं. "चुकले रे, दादा."

"तपकिरी भिंतीला तपकिरी रंग? आणि म्हणे रंगारी!" तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. हातातला ब्रश त्याने डब्यात ठेवून दिला.

मग मात्र तिचा बांध फुटला. दादाने तिला जवळ घेतलं. काखेतली गाठ तिच्या कपाळाला लागली.

"हळू रड," तो कुजबुजला. "हिला आज नको सांगूस. आज पोटभर जेवलीये गं ती."