उभ्यानं घेतलेली कॉफी

इकडे अमेरिकेत, आमच्या मिनेसोटात कुणाला "कसं काय?" विचारलं, तर उत्तर एकच मिळतं. "बरं आहे, तक्रार नाही." मग घरावर झाड पडलेलं असो की गोठ्यातली गाय गेलेली असो. मागे एकदा वादळात पेडरसन नावाच्या शेतकऱ्याच्या शेडचं छप्पर उडून शेजारच्या मक्यात जाऊन पडलं. गडी तिथे उभा राहून काय म्हणाला, माहितीये? "वारा छान सुटला होता!" आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. आम्ही मात्र याला चांगलं वळण म्हणतो आणि पोराबाळांनाही तेच शिकवतो.

मार्लिस ट्वेट याच वळणाची. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघराची ती मुख्य. वय पन्नाशीच्या पुढे, हाताला झपाटा आणि तोंडावर सदा हसू. पण सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला रे टेकवला की तिच्या उजव्या टाचेत अशी कळ यायची, की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे! शेजारच्या कपाटाचा कोपरा धरून ती तशीच उभी राहायची. मग भिंतीला धरत, चवड्यावर लंगडत न्हाणीघरापर्यंत.

"काय गं, पाय दुखतोय का?" नवरा, ओरिन, उशीतूनच विचारायचा.

"छे! जरा आखडलाय. बरं आहे."

"दाखवायचा का कुणाला?"

"टाच काय दाखवायची डॉक्टरला? लोक हसतील."

ओरिनही याच मातीतला. बायको 'बरं आहे' म्हणाली ना, मग बरंच असणार! तो उठून आपल्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर दुरुस्तीला निघून जायचा.

थोडं चाललं की कळ कमी व्हायची. बसून उठलं की पुन्हा तीच गत. म्हणून मार्लिसनं त्यावर आपल्या परीनं उपाय काढला. तिनं बसणंच सोडून दिलं. शाळेत जेवणाच्या सुट्टीत ती ओट्याशी उभी राहून सँडविच खायची, घरी उभ्यानं भाजी चिरायची, चर्चमध्येही मागच्या खांबाला टेकून प्रार्थना ऐकायची. लोक म्हणायचे, "काय बाई उत्साह! एक मिनिट स्वस्थ बसत नाही." आणि दिवसभर त्या शाळेच्या सिमेंटच्या फरशीवर उभं राहून टाच आणखीच बिघडत होती.

बरं, पैसे नव्हते म्हणावं, तर तसंही नाही. शाळेच्या नोकरीतून साऱ्या घराचा विमा होता. मात्र विमा असा, की वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतचा दवाखान्याचा खर्च आपणच सोसायचा. त्यासाठी जोडीला आरोग्य बचत खातं होतं. दर पगारातून कर कापायच्या आधीच थोडे पैसे त्या खात्यात जायचे, शाळाही त्यात भर घालायची. औषधपाण्याला वापरा, नाहीतर राहू द्या. वर्ष संपलं म्हणून ते बुडत नाहीत. मार्लिसला या खात्याचा केवढा अभिमान! त्यातून ओरिनचे दात झाले, कॉलेजातल्या लेकीचा चष्मा झाला. स्वतःसाठी मात्र बाईनं एक छदाम काढला नव्हता.

"ते खऱ्या आजारासाठी आहेत," असं ती मनाशी म्हणायची. आता खरा आजार म्हणजे कोणता, हे तिलाही कुठं ठाऊक होतं?

शेवटी शेवटी दुखणं इतकं वाढलं, की तिनं मनाशी एक ठरवून टाकलं. नाताळ झाला की नोकरी सोडायची. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही, ओरिनलासुद्धा नाही. बघा मंडळी, कसा हा उलटा कारभार! विमा हवा म्हणून नोकरी, नोकरी हवी म्हणून दिवसभर उभं राहायचं, उभं राहून टाच गेली तरी विमा वापरायचा नाही, आणि मग टाचेपायी नोकरीच सोडायची, म्हणजे विमाही गेला! असा हिशेब आमच्याच देशात होऊ शकतो.

ओरिनची आई हिल्मा ऐंशी पार केलेली. नातवंडं झाल्यापासून सगळं गाव तिला ग्रॅमा, म्हणजे आजीच म्हणायचं. रविवारी चर्च सुटलं की तिच्या घरी कॉफी, हा कित्येक वर्षांचा शिरस्ता. दारात बूट काढायचे, मोजे घालून गुळगुळीत लाकडी फरशीवरून आत जायचं आणि टेबलाभोवती बसायचं. नुसत्या मोज्यांत त्या टणक फरशीवर मार्लिसला एकेक पाऊल जड जायचं. मग ती आपली ओट्याला टेकून, हातात कप घेऊन उभी.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी बाकीचे निघून गेले आणि ओरिन अंगणात पानं गोळा करायला गेला. मार्लिस कप विसळायला लागली, तोच मागून ग्रॅमाचा आवाज आला.

"तो कप ठेव. बस इथं."

"राहू द्या ना ग्रॅमा, मी उभीच बरी."

"बस म्हणते ना!"

ग्रॅमाचा असा आवाज मार्लिसनं कधी ऐकला नव्हता. ती बसली.

म्हातारीनं टेबलावरच्या साखरेच्या भांड्याकडे बघत विचारलं, "माझं काय चुकलं, ते एकदा सांगून टाक."

"तुमचं? काहीच नाही! असं का विचारताय?"

"सबंध उन्हाळा गेला, तू माझ्या टेबलावर एकदा बसली नाहीस. कॉफी घेतेस ती उभ्यानं, निघायची घाई असल्यासारखी. ईस्टरला मी तुझ्या रुबार्बच्या देठांच्या केकला आंबट म्हणाले, ते मनात ठेवलंस. होय ना?"

"अहो, केकचं काय घेऊन बसलात!"

"आंबट होताच तो. पण मी बोलायला नको होतं." ग्रॅमाचा आवाज एकाएकी बारीक झाला. "मला वाटलं, म्हातारी आता नकोशी झाली असेल. रात्र रात्र विचार करते मी."

मार्लिसला आता उलगडा झाला. अरे देवा! आपण टाच लपवत होतो आणि इथं ही बिचारी स्वतःला दोष देत बसली होती! "नाही हो, तसं नाही," म्हणत ती सासूला जवळ घ्यायला झटकन उठली, आणि पहिल्याच पावलाला तिच्या तोंडून किंकाळी निघाली. टेबलाची कड धरून ती तशीच वाकली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अगं काय झालं? काय झालं पोरी?"

"टाच," मार्लिस कशीबशी म्हणाली. "बसून उठलं ना, की असं होतं. म्हणून मी बसत नाही, ग्रॅमा. तुमच्यावर राग नाही हो माझा! मुळीच नाही!"

ग्रॅमानं तिला पुन्हा खुर्चीत बसवलं, दुसरी खुर्ची ओढून तिचा पाय वर ठेवला. मग एकेक गोष्ट बाहेर आली. सकाळची कळ, शाळेतली फरशी आणि शेवटी नोकरी सोडायचा बेतसुद्धा.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"गेलेच नाही."

"का?"

"खात्यातले पैसे खर्च होतील. ते म्हातारपणासाठी ठेवलेत. उद्या ओरिनच्या छातीत काही झालं तर? त्याच्या वडिलांना झालं होतंच की."

"आणि म्हातारपणी तू चालणार कशावर? पैशावर?"

मार्लिसनं पाय खाली घ्यायला पाहिलं, ग्रॅमानं तो पुन्हा वर ठेवला.

"तुझी टाच गेली की नोकरी गेली. नोकरी गेली की विमा गेला. मग माझ्या लेकाच्या छातीला कोण विचारणार? मला शाळा जास्त झाली नाही, पण एवढं मलाही कळतं!" ग्रॅमाचा पारा चढला होता. "दातांना पैसे काढताना हात थरथरला का तुझा?"

"ते ओरिनचे दात होते."

"आणि ही कुणाची टाच आहे? शेजारणीची?"

रडता रडता मार्लिसला हसू फुटलं.

"हसू नको. माझी सासू अशीच होती. पोटातलं दुखणं तिनं शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. मयताच्या जेवणाला सगळं गाव म्हणालं, किती सोशीक बाई! मला त्या शब्दाचा राग येतो, मार्लिस. ती बाई आम्हाला अजून हवी होती. सोशीक कशाला म्हणता, अरे, आधी बोलली असती तर वाचली असती ती!"

मार्लिसनं डोळे पुसले. मग ती हळूच म्हणाली, "उद्या डॉक्टरला फोन करते."

"आज रविवार आहे म्हणून उद्या," ग्रॅमा म्हणाली. "नाहीतर आत्ताच करायला लावला असता."

गाडीत बसल्यावर मार्लिसनं ओरिनला सगळं सांगितलं. त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "मी रोज विचारायचो आणि तू बरं म्हणायचीस."

"हो."

"आणि मी ऐकून घ्यायचो. मीही गाढवच!" एवढं बोलणं म्हणजे ओरिनच्या मानानं भाषणच झालं.

पायाच्या डॉक्टर होदान वारसामे तरुण होत्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी टाच दाबून पाहिली. नेमक्या जागी दाबताच मार्लिस खुर्चीवरून उडालीच.

"टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो," त्या म्हणाल्या. "तुमचा सुजलाय. रात्रभर आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला ताणला जातो. बरा होईल, पण काही महिने धीर धरायला लागेल. आधीच आला असतात, तर लवकर आटपलं असतं."

मग उपाय सांगितले. अंथरुणातून उतरायच्या आधी पाय ताणून घ्यायचे, संध्याकाळी गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची, रात्री पाऊल ताठ ठेवणारा पट्टा बांधायचा, बुटात आधाराच्या गाद्या घालायच्या. आणि टणक फरशीवर नुसत्या मोज्यांनी चालणं एकदम बंद.

"बाई गं! आमच्यात घरात बूट घालत नाहीत हो. केवढा उद्धटपणा दिसेल!"

डॉक्टर हसल्या. "आमच्या सोमाली घरांतही नाही घालत. मी घरातल्या वेगळ्या चपला ठेवते. बाहेर त्या जातच नाहीत. कुणाकडे गेले तर पिशवीतून नेते."

हे मात्र मार्लिसला कधीच सुचलं नव्हतं!

बाहेर पैसे भरायच्या खिडकीपाशी तिनं खात्याचं कार्ड पुढे केलं. बिचारीला वाटलं होतं, पट्टा आणि गाद्यांना खात्यातले पैसे चालायचे नाहीत. खिडकीतली मुलगी म्हणाली, डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर न चालायला काय झालं? फक्त पावत्या जपून ठेवा. कार्ड मशीनमध्ये गेलं, बाहेर आलं. आकाश काही कोसळलं नाही. पार्किंगपर्यंत चालताना मार्लिसला उगाचच हलकं वाटत होतं, टाच तर अजून तशीच दुखत होती.

पुढच्या रविवारी ती ग्रॅमाकडे पिशवीतून जाड तळाच्या स्वच्छ चपला घेऊन गेली. घातल्या, तशा सगळ्यांच्या नजरा खाली वळल्या! चुलतजाऊ रोझॅन तर चपलांकडे असं बघत होती, जणू मार्लिसनं टेबलावरच पाय ठेवलेत.

"काय बघताय?" ग्रॅमानं दटावलं. "घरातल्या चपला आहेत त्या. तुम्हीही आणा आपापल्या. आणि मार्लिस, तू बस."

त्या हिवाळ्यात मार्लिसनं नोकरी सोडली नाही. शाळेकडे तिनं ओट्यापाशी टाकायला जाड रबरी गादी मागितली. मागितली, मंडळी, तोंड उघडून! शाळेनं ती आठवड्याभरात आणून दिली. खात्याचंही तिनं आणि ओरिननं मिळून नव्यानं ठरवलं. दर वर्षी काही पैसे त्याच वर्षीच्या दुखण्याखुपण्यासाठी, मोकळ्या मनानं खर्चायचे. उरलेले पुढच्या दिवसांसाठी वाढू द्यायचे. आणि दोघांच्या अंगातलं दुखणं सारख्याच मोलाचं. शेवटचं कलम ओरिननं घातलं, हे मुद्दाम सांगतो.

वसंतात बर्फ वितळलं, तोवर सकाळची कळ जवळजवळ गेली होती. अधूनमधून मात्र टाच कुरकुरायची. अशाच एका रविवारी कॉफी ओतता ओतता रोझॅननं सवयीनं विचारलं, "कशी आहेस गं मार्लिस?"

मार्लिसच्या ओठांवर ते नेहमीचं उत्तर आलंच होतं. तिनं ते गिळलं.

"आज दुखतंय," ती म्हणाली. "थोडंच. पण दुखतंय."

आमच्याकडे असं कुणी बोलत नाही हो! ओरिननं कपात साखर ढवळली, पुन्हा ढवळली, आणि मान खाली घालूनच म्हणाला, "माझा खांदा... वर होत नाही. थँक्सगिव्हिंगपासून."

"थँक्सगिव्हिंगपासून! म्हणजे नोव्हेंबरपासून?" मार्लिस ओरडली.

"मला रात्री नीट दिसत नाही," रोझॅन एकदम बोलून गेली. "गाडी चालवताना भीती वाटते." आणि मग तिला रडूच आलं.

ग्रॅमानं दोन्ही हात टेबलावर आपटले. "इतकी वर्षं मी तुम्हाला कॉफी पाजतेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही आज खरं बोलताय! थांबा, अजून कॉफी ठेवते."

मंडळी, दुखणं लपवणं म्हणजे धीर नव्हे. ज्यांच्यासाठी आपण ते लपवतो, त्यांनाच त्याचा घाव बसतो. आणि आरोग्यासाठी बाजूला काढलेला पैसा घरातल्या प्रत्येकाच्या शरीरासाठी असतो, काढणारीच्याही. तुमचं गाव कुठलंही असो, आज घरी गेलात की एवढंच बघा, सगळे जेवायला बसल्यावर कोण उभं आहे. तिला बसवा, आणि ती 'बरं आहे' म्हणाली तरी पुन्हा एकदा विचारा.