देखभाल करणाऱ्या बाईचा पगार

आयकर खात्याची नोटीस आली तेव्हा आईला जाऊन चार महिने झाले होते. सात वर्षं दर महिन्याच्या तीन तारखेला माझ्या खात्यात एकाच माणसाकडून पैसे येत होते आणि ते मी उत्पन्नात दाखवले नव्हते, म्हणून तपासणी. तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. पैसे आईच्या औषधांचे, डायपरचे, डॉक्टरांचे. त्याला फोन केला, म्हटलं, एवढं एका कागदावर लिहून दे. "देतो ना ताई, त्यात काय!" म्हणाला. त्यानंतर तीन आठवडे त्याने माझा फोन उचलला नाही.

तो खर्च सिद्ध झाला नसता तर कर, व्याज आणि दंड मिळून माझी दोन वर्षांची कमाई जाणार होती. कमाई तरी केवढी! पूर्वी मी लॅबमध्ये नोकरीला होते, ती आईसाठी सोडली. आता घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते.

लॅबची एक खोड मात्र सुटली नाही. जे करायचं त्याची तारीख, वेळ लिहून ठेवायची. आईच्या अशा चौदा वह्या झाल्या. बिल चिकटवलेलं, खाली नोंद: औषध दिलं, कूस बदलली, चादर बदलली, आज दोन चमचे जास्त खाल्लं. भावजयीने एकदा वही चाळली आणि म्हणाली, "ताई, त्या आई आहेत, पेशंट नाहीत." महिन्यातून एकदा येऊन उशी सरळ करणारीने मला हे शिकवावं! उंटावरून शेळ्या हाकायला त्या दोघांना फार छान जमायचं.

त्याच वह्या पिशवीत घालून मी आयकर कार्यालयात गेले. तिसऱ्या मजल्यावरची खोली, फायलींवर फायली, आणि प्रत्येक उत्तर लिहून झालं की पेनाला टोपण लावून ठेवणारे एक साहेब. पुढचा प्रश्न विचारला की टोपण पुन्हा काढायचे. तासाभरात माझं डोकं उठलं.

त्यांनी पाच वह्या पानं उलटून पाहिल्या. "हे रोज लिहायचात?"

"सवय आहे."

"म्हणजे पूर्ण वेळ हेच काम करत होतात."

"काम कसलं? माझी आई होती ती."

साहेबांनी टोपण लावलं आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. "तुमच्या भावाने या पैशांवर करात सूट घेतली आहे. आईच्या देखभालीसाठी ठेवलेल्या बाईचा पगार म्हणून. सातही वर्षं. बाई म्हणून तुमचं नाव दिलंय. त्यावरूनच तुमची फाइल उघडली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब शांतपणे बोलत होते. पगार होता म्हणालात तर तुम्ही कर भरा. नव्हता म्हणालात तर तुमची बिलं मला पुरेशी आहेत, तुम्ही सुटलात, पण मग त्यांची सूट खोटी ठरते, ती दंडासकट वसूल करू. "त्यांनाही आज बोलावलंय, बाहेर बसलेत. दहा मिनिटं घ्या," म्हणाले.

मला पाहताच तो बाकावरून उठला.

"ताई, पगार म्हण. कर, दंड, सगळं मी भरतो. तुझा एक पैसा जाणार नाही."

"फोन का उचलत नव्हतास?"

"काय बोलणार होतो? अगं, सल्लागाराने सांगितलं तसं लिहिलं. नुसता एक रकाना होता."

"मग रकान्यात बहीण लिहायचं होतंस."

"बहिणीवर सूट मिळत नाही," तो म्हणाला. भाजीचा भाव सांगावा तसं सरळ. मग त्याला कळलं असावं, कारण त्याने आवाज खाली आणला. "माझ्या नोकरीवर येईल गं. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

खोटं कशाला बोलू, मी विचार केला. खरं बोलून फुकटात सुटका होत होती. पण कारण तेवढंच नव्हतं. दर वर्षी हा माणूस शांतपणे बसून तो रकाना भरत होता, आणि त्याच तोंडाने मला सांगत होता, "तू आहेस म्हणून मी निवांत आहे, ताई." सात वर्षांत एकदाही त्याचा हात अडखळला नाही. मला त्याची शिसारी आली.

मी आत जाऊन स्वतःच्या अक्षरात लिहिलं, पगार नव्हता.

"नंतर बदलता येणार नाही," साहेब म्हणाले.

"बदलायचंय कुणाला?" म्हणत मी सही केली.

बाहेर आले तर माझ्या चेहऱ्यावरूनच त्याला समजलं. "खड्ड्यात घातलंस मला," तो दात-ओठ खात म्हणाला. "आई असती तर तिने तुला हे करू दिलं असतं?"

"नसतं," मी म्हटलं. "धाकटा आहे, घे सांभाळून, म्हणाली असती. आणि मी मुकाट्याने पगार लिहून दिला असता. जन्मभर तेच केलं. पण आता ती नाही. तुझी बाजू घेणारं माझ्या घरात कुणी उरलं नाही."

तो काहीतरी बोलणार होता, पण साहेबांनी दार उघडून त्याला आत बोलावलं.