दुसरं टोक

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खाट आहे. चांदा जिल्ह्यात, जंगलाला लागून असलेल्या एका लहान सरकारी दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. लटारू सुतारानं मला घडवलं आणि उचलायला पुढे-मागे लांब दांडे ठेवले. बैलगाडीतून आलेला रोगी माझ्यावर घालून आत नेत. बरी झालेली बाळंतीण घरी जाताना माझ्यावरून हात फिरवायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. व्हरांड्यात जिवंत आणि मेलेली माणसं एकमेकांना लागून पडू लागली. घाबरून नोकर पळाले. प्रेतं उचलायला दवाखान्याचा शिपाई सुकलू एकटा उरला. आता माझ्यावरून प्रेतंच जात; मी दिसले, की रोगी भिंतीकडे तोंड फिरवत.

एका दुपारी कोलू गेला. तळ्यात मासे धरणारा धिप्पाड गडी, पार वाळून गेला होता. त्याची बायको मनकर्णा माझा दांडा धरून बसली.

"डाक्टरसाहेब, माह्या मालकाले गावाले नेऊ द्या जी."

डॉक्टर थकून दाराला टेकले होते. "बाई, मागच्या खेपेला गावात नेलेलं प्रेत तुमच्या तळ्यावर धुतलं आणि तेच पाणी गाव प्यायलं. नंतर गावात काय झालं, तुम्ही पाहिलंत."

मनकर्णानं पाहिलं होतं. तिच्या जावेची पोरगी त्यातच गेली होती.

"मंग त्याले इथी ढिगात टाकता का?"

"ढिगात नाई टाकत बाई," सुकलू रडकुंडीला येऊन म्हणाला, "पन उचलाले दुसरा मानूसच नाई. मी एकटा काय करू?"

मनकर्णानं पदर खोचला. "तू पुढं धर. मी मांगं धरते."

दवाखान्याच्याच गावाबाहेर लाकडं रचली होती. तिनं नवऱ्याला स्वतः खाली उतरवलं. मला चुन्याच्या पाण्यानं धुऊन दोघं परतली, तर व्हरांड्यात एक म्हातारी मरून पडली होती. तिचं कोणीच नव्हतं. मनकर्णानं पुन्हा दांडा धरला. त्यानंतर ती गावी गेलीच नाही. साथ ओसरेपर्यंत ती परक्यांची प्रेतं वाहत राहिली.

शेवटी तिलाही ओकाऱ्या सुरू झाल्या. सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. चांद्याहून नव्या बाटल्या आणणारी मोटार वाटेत अडकली होती. सुकलू तिला मिठाचं पाणी पाजत राहिला. घोटभरही पोटात टिकेना.

"बाई, डोळे उघड ना वं!" तो ओरडला. तिनं उघडले नाहीत.

तिला माझ्यावर ठेवलं, तेव्हा दुसरा दांडा डॉक्टरांनी धरला.

आता मी दवाखान्यामागे पडून आहे. वाळवीनं माझा एक पाय खाल्ला आहे. मला दुरुस्त करा, असं मी म्हणत नाही. मित्रांनो, पाणी उकळून प्या, हात धुवा, रोगाला जरूर भ्या. पण मेलेल्या माणसाला टाकून पळू नका. माझ्या एका टोकाला सुकलू उभा असायचा, आणि तो दुसऱ्या टोकाकडे बघत राहायचा. तिथं कोणीतरी या.