मारणाऱ्याच्या लक्षात

मेरामणनं छातीत रुतलेला भाला दोन्ही हातांनी धरला आणि ओढून काढला. रक्ताची चिळकांडी उडाली, मग जखम हळूहळू मिटत गेली. बाभळीचा आधार घेत तो उठला आणि गावाकडे निघाला. पाय उचलत नव्हते. आता काय होणार, ते त्याला ठाऊक होतं.

ऐन तारुण्यात, लढाईत पोट फाटून पडला असताना, त्यानं देवीकडे मागितलं होतं की मरण नको. देवीनं दिलं. पण तो मरून पडला की साऱ्यांच्या मनातून पुसला जायचा. त्या खेपेला जन्मदात्या आईनंच त्याला दारातून हाकललं होतं. मग तो मुलूख सोडून सोरठात आला, राजबाईशी लग्न केलं, गुरं राखली. काल तीच गुरं वाचवताना पुन्हा पडला.

वेशीत गर्दी जमली होती. दरोडेखोर हरसूरला खांबाला बांधून गावची गुराखी आहीर मंडळी काठ्यांनी बडवत होती. त्याचे दात पडले होते, एक डोळा फुटला होता. पासोडीखाली राजबाईच्या भावाचं प्रेत होतं आणि ती विळा घेऊन उभी होती.

"राजू," मेरामणनं हाक मारली.

ती गर्रकन वळली. "कोण रे तू? राजू म्हणायला तुझ्या घरची आहे का मी?"

त्यानं मान खाली घातली. तेवढ्यात हरसूर किंचाळला, "मेरामण! अरे, तुला तर मी मारला! भाला आरपार गेला होता माझा!"

"मार खाऊन डोकं फिरलं ह्याचं," कुणीतरी हसलं. "कोण मेरामण?"

मेरामण धावतच खांबापाशी गेला. "पुन्हा म्हण."

"मेरामण. राजबाईचा नवरा. मरताना तिचंच नाव घेत होतास की!"

म्हणजे मारणारा विसरत नाही. आजवर आपल्याला मारणाऱ्याची गाठ पुन्हा कधी पडलीच नव्हती.

"मला कुठला नवरा, मेल्या?" राजबाई ओरडली. हातातल्या लग्नाच्या हस्तिदंती चुड्याकडे तिची नजर क्षणभर गेली. मग विळा उगारून ती हरसूरवर धावली.

मेरामण मध्ये आला. तिचं मनगट धरायला त्याचा हात वर उठला, आणि तसाच खाली आला. विळा मानेत खोल गेला. कोसळता कोसळता त्याला हरसूरच्या डोक्यात बसलेला काठीचा घाव ऐकू आला. हरसूर त्याला हाक मारत होता, ती अर्ध्यातच तुटली.

डोळे उघडले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. प्रेतं ओढणारी माणसं दचकून मागे सरली.

"हा कोण? दरोडेखोरांपैकी दिसतोय. हाणा!"

"थांबा!" राजबाई पुढे आली. "ह्याला मी मारलं होतं. सकाळी. ह्याच हातानं."

"कुणाला? काय बोलतेस, बाई?"

ती त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि तिनं त्याच्या मानेवरून बोट फिरवलं. तिथं वणसुद्धा नव्हता.

"तू मला राजू म्हणालास," ती म्हणाली. "तो दरोडेखोर म्हणाला, तेच का नाव तुझं?"

तो उठून बसला.

"मेरामण."

तिनं ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं आणि पाण्याचा लोटा त्याच्यापुढे धरला.