शंभराचे एकशेतीन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. एरवी लहान मुलं मला मुळीच आवडत नाहीत. ती फार जोरात श्वास घेतात आणि दिसेल त्या वस्तूला बोट लावतात.

हसू नका. मी कांदेबटाटे मोजणारा काटा नाही. मी औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला काटा आहे. माझ्याभोवती काचेची पेटी असते, कारण नुसत्या फुंकरीनेही माझे आकडे हलतात. माझ्यावर ठेवायची वजनं चिमट्याने उचलावी लागतात. बोटाने उचलली तर बोटाचं तेलही मी मोजतो. मला घडवलं त्या कारखान्यात पांढऱ्या टोप्या घातलेल्या माणसांनी महिनाभर माझी परीक्षा घेतली होती. शंभर मिलिग्रॅमला मी शंभरच म्हणतो, अशी खात्री पटल्यावरच त्यांनी मला बाहेर सोडलं. मिलिग्रॅम म्हणजे केवढं, ते तुमच्या बाईंना विचारा. त्यांनाही सांगता येईलच असं नाही.

प्रयोगशाळेत मला कोपऱ्यातली एक लहान, बंद, थंड खोली मिळाली. सुरुवातीची वर्षं मानाची होती. विभागाचे साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "आत येऊ नका, हा फार नाजूक आहे." काका नावाचे एक जुने तंत्रज्ञ रोज सकाळी मऊ ब्रशने माझं पारडं साफ करायचे. मग शंभराचं वजन ठेवून माझा आकडा वहीत लिहायचे. तेव्हा मला वाटायचं, ही माणसं माझ्या लायकीची आहेत. माझा तो गैरसमज होता.

एका दुपारी साहेबांचा नवा फोन आला. जुन्यापेक्षा हा किती हलका, यावर त्यांची आणि काकांची पैज लागली. दोनशे ग्रॅमच्या वर माझ्यावर काहीही ठेवू नये, असं माझ्या कपाळावरच लिहिलेलं आहे. साहेबांनी कव्हरसकट फोन माझ्यावर ठेवला. ठेवला कसला, टाकलाच. माझ्या आत खट् झालं. साहेबांनी फोन उचलला, काकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "काही झालेलं नाही." त्या दिवसापासून मी शंभराला एकशेतीन म्हणतो.

मेकॅनिक वर्षातून एकदाच येतो, आणि तो तीन आठवड्यांपूर्वीच येऊन गेला होता. म्हणजे उरलेलं वर्षभर गप्प बसलं की काम भागणार होतं. दोघेही मूग गिळून बसले. काकांनी सकाळी मला तपासणं सोडून दिलं. सोमवारी आले की ते आठवडाभराचे आकडे एकदम वहीत भरून टाकायचे.

तुम्ही म्हणाल, तीन मिलिग्रॅमने काय बिघडतं? ऐका. औषध बरोबर आहे की नाही हे ठरवायला त्याची तुलना एका शुद्ध पुडीशी करतात. ती पुडी माझ्यावर मोजतात. मी एकशेतीन म्हटलं तरी पुडी असते शंभराचीच. मग तिच्या शेजारी कमी दमाचं औषधही पुऱ्या दमाचं दिसतं आणि पास होतं. आमच्याकडे जास्त करून लहान मुलांचं तापाचं औषध यायचं. तुम्हाला चमच्याने देतात ना, तेच. स्वतःचं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असा हा कारभार होता. आणि मी त्यात सामील होतो. मला माझी जागा सोडायची नव्हती.

अशात ती आली.

कॉलेजातून दर सहा महिन्यांनी एक इंटर्न यायचा, आणि मला त्या जमातीचा मनस्वी तिटकारा. ती माणसं काचा आपटतात, माझ्या तोंडावर शिंकतात आणि शिकून झालं की निघून जातात. ही तशातलीच, लहानशा गावातून या मोठ्या शहरात आलेली. केस ओलेच असायचे, कारण खोलीत चौघी मुली, न्हाणीघर एक आणि हिचा नंबर शेवटचा. दोन बस बदलून यायची आणि आल्यावर पाच मिनिटं धापा टाकायची. तोवर माझे आकडे नाचत राहायचे. तिला बसायला टेबल नव्हतं. तिची बॅग माझ्या खोलीच्या दाराच्या मुठीला लटकलेली असायची, आणि येताजाता प्रत्येक जण त्या बॅगेवर वैतागायचा. साहेब तिला "ए इंटर्न" म्हणून हाक मारायचे. चार महिन्यांत त्यांनी तिचं नाव एकदाही विचारलं नाही.

अख्ख्या इमारतीत शांत खोली माझीच, म्हणून ती आईशी बोलायला तिथे यायची. हातात मोजे असायचे, त्यामुळे फोन स्पीकरवर.

"जेवलीस का?"

"हो आई. खोली मस्त आहे. खिडकी आहे." त्या खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती, हे ती एका मैत्रिणीला सांगताना मी ऐकलं होतं.

"आणि ऑफिसात?"

"ऑफिसात मला स्वतःचं टेबल आहे. आणि एक काटा आहे, तो माझ्याकडेच असतो."

म्हणे माझ्याकडेच असतो. कानामागून आली आणि तिखट झाली.

मग काका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले. जाताना त्यांनी वही तिच्या हातात दिली. "पोरी, सोमवारी आठवड्याचे आकडे भरून टाकत जा. नव्व्याण्णव पॉइंट नऊ, शंभर, शंभर पॉइंट एक, असे आलटूनपालटून. सगळे सारखे लिहिलेस तर तपासणीवाल्यांना संशय येतो."

"पण काका, काटा न बघताच?"

"अगं, काटा कुठे पळून चाललाय?"

काका बिचारे पाट्या टाकत आयुष्य काढलेले. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याच्या चांगुलपणाचा मला काय उपयोग झाला, ते तुम्हीच सांगा.

सोमवारी तिने शंभराचं वजन चिमट्याने उचलून माझ्यावर ठेवलं. मी एकशेतीन म्हणालो. ती दचकली आणि तिला वाटलं, चूक आपलीच. मला फार बरं वाटलं. तिने हात धुतले, मोजे बदलले, मी सपाट बसलोय का ते तपासलं, दार लावून घेतलं, श्वास रोखून पुन्हा वजन ठेवलं. पुन्हा एकशेतीन. तीन दिवस तिचं हेच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःशीच म्हणाली, "मला एवढंही जमत नाही." मी मनातल्या मनात म्हटलं, नाहीच जमत तुला, जा घरी.

ती घरी गेली नाही. चौथ्या दिवशी ती वरच्या मजल्यावरच्या विभागातून दुसरं वजन मागून घेऊन आली. त्यालाही मी एकशेतीनच म्हणालो, दुसरं काय म्हणणार? ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग वही उघडून तिने त्या दिवसाच्या ओळीत लिहिलं: एकशेतीन.

दुपारी साहेब वही घेऊन आले.

"हे काय लिहिलंयस?"

"सर, एकशेतीनच येतंय. वरचं वजन आणूनही पाहिलं."

"तुझा हात हलत असेल."

"हलत होता सर, पहिले तीन दिवस. आज नाही हलला."

साहेबांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "एक रेघ मार, वर शंभर लिही, सही कर. नियमात बसतं ते. तुझी प्रोजेक्ट डायरी माझ्याकडेच आहे ना सहीला?"

"हो सर."

"मग झालं तर. पुढच्या शुक्रवारी घेऊन जा."

त्या डायरीवर सही नसेल तर पदवी नाही. पदवी नाही म्हणजे एक अख्खं वर्ष पुन्हा, पुन्हा असंच एखादं शहर, पुन्हा अशीच चौघींची खोली. हे साहेबांना ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं आणि मलाही. मी निश्चिंत झालो.

साहेब गेल्यावर तिने आईला फोन लावला.

"आई, समजा माझं एक वर्ष गेलं तर?"

पलीकडे भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. "नापास झालीस का गं?"

"नाही."

"मग का जाईल?"

"असंच विचारलं."

आई म्हणाली, "गेलंच तर बाबांना मी सांगेन. तू नको सांगूस, तुला रडू येतं."

ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. रडू तिला तेव्हाच आलेलं होतं, आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. माझे आकडे हलू लागले. मला तिचा संताप आला.

माझ्या खोलीच्या भिंतीवर एक पिवळी पडलेली सूचना आहे. उपकरणात दोष आढळल्यास, ज्याला आढळला त्याने लाल चिठ्ठी लावावी. ती चिठ्ठी मेकॅनिकखेरीज कुणीही काढू नये. वर्षानुवर्षं ती सूचना कुणी वाचली नव्हती. साहेबांनीही नाही, नाहीतर त्यांनी ती केव्हाच फाडली असती. मात्र माझे आकडे स्थिर होण्याची वाट बघताना हिने ती शंभरदा वाचली असणार. तिने खण उघडला, लाल चिठ्ठी काढली आणि त्यावर लिहिलं: शंभराचे एकशेतीन दाखवतो. वापरू नये. खाली तारीख घालून स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. वडिलांचं नाव आणि आडनाव, सगळं. मग ती चिठ्ठी तिने माझ्या कपाळावर चिकटवली, दोनशे ग्रॅमच्या सूचनेवरच.

वहीतल्या आकड्यावर तिने रेघ मारली नाही.

मग काय, हलकल्लोळ झाला. मेकॅनिक आला, त्याने मला उघडलं आणि म्हणाला, "ह्याच्यावर काहीतरी जड पडलंय. ह्याचा सुटा भाग आता मिळत नाही." मेकॅनिकचा कागद वरच्या कार्यालयात गेल्यावर पाच महिन्यांची औषधं पुन्हा तपासायची ठरली. काका गुडघ्याला पट्टा बांधून परत आले आणि त्यांनीच ती तपासली, तिला शिव्या मोजत. तापाच्या औषधाच्या दोन खेपा कमी दमाच्या निघाल्या. कंपनीला त्या दुकानांतून परत मागवाव्या लागल्या.

त्याआधीच, ठरलेल्या शुक्रवारी, तिला डायरी मिळाली होती. सहीच्या जागी काही नव्हतं.

मी आता सामानाच्या खोलीत आहे. वर पंख्यांची खोकी, बाजूला मोडकं स्टूल. माझ्या जागेवर नवा काटा आलाय, म्हणे तो स्वतःच स्वतःची परीक्षा घेतो. शेवटच्या दिवशी ती ॲप्रन जमा करायला इकडे आली होती. ॲप्रन घडी करून तिने फळीवर ठेवला, इथल्या जमावहीत सही केली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. डोळे सुजलेले होते, आणि बाहेरून कुणीतरी "ए इंटर्न, आटप लवकर" म्हणून ओरडत होतं.

मित्रांनो, शेवटी बोध सांगायचा असतो. जड वस्तू माझ्यासारख्यांवर टाकू नका, हे तर आहेच. पण एखादी वस्तू बिघडली तर ती बिघडली असं म्हणा, मोठ्याने म्हणा. वस्तूला राग येईल, मोठ्या माणसांना त्याहून जास्त येईल. मला अजून आहे. तिने माझी खोली घेतली, माझं काम घेतलं, आणि मी तिला माफ केलेलं नाही.

पण परत आलेल्या त्या दोन खेपांतली एखादी बाटली तुमच्याही घरी आली असती. तुम्हाला ताप असता, आईने चमचा भरून पाजलं असतं आणि ताप उतरला नसता. आईला वाटलं असतं, आपलंच काहीतरी चुकलं. या मुलीलाही तीन दिवस तसंच वाटत होतं, आणि तेव्हा मी तिला हसत होतो.

तिचं नाव माझ्या कपाळावर आहे. ते पुसू नका.